‘जुनीच वाजवा’ या हट्टाविरुद्ध

आयर्न मेडन या हेवी मेटल बँडच्या चाहत्यांचा एक मोठा गट वर्षानुवर्षं एकच मागणी लावून धरतो. बँडने मंचावर १९८० ते १९८८ या काळातली गाणी वाजवावीत. ती रेकॉर्डवर आहेत तशीच वाजवावीत. आणि वयामुळे तसं जमत नसेल तर सन्मानाने थांबावं. मागणी प्रेमातून येते, म्हणून ती सहसा कुणी तपासत नाही. तपासायला घेतली की तिचे तिन्ही भाग ढासळतात. शिवाय ही मागणी बँडने खरोखर मानली असती, तर याच चाहत्यांना आज जी गाणी कंठ फुटेपर्यंत गावीशी वाटतात, त्यांतली काही मंचावर कधी आलीच नसती.

हा वाद लंडन किंवा मुंबईपुरता नाही. भिलाईसारख्या गावात तो जास्त पोटतिडकीने घातला जातो, आणि त्याला कारणं आहेत. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात इथल्या पोलाद कारखान्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, आणि दुर्गच्या शेजारच्या माळावर देशभरातली माणसं राहायला आली. मराठी, तेलुगू, बंगाली, मल्याळी, पंजाबी कुटुंबांची मुलं एकाच सेक्टरच्या क्वार्टर्समध्ये वाढली. प्लांटच्या शिफ्टवर चालणाऱ्या अशा गावातल्या मुलाला हेवी मेटल परकं वाटायचं कारण नव्हतं. हे संगीतही कारखान्यांच्या गावातूनच आलं. ब्लॅक सॅबथचे चौघे बर्मिंगहॅमच्या अॅस्टन भागातले. जुडास प्रीस्ट त्याच पट्ट्यातला. त्यांचा गिटारवादक ग्लेन टिप्टन बँडमध्ये येण्याआधी ब्रिटिश स्टीलमध्ये नोकरी करत होता, आणि १९८० साली बँडने आपल्या अल्बमला ‘ब्रिटिश स्टील’ हेच नाव दिलं.

जवळीक अशी, आणि अंतर मात्र मोठं. परदेशी मेटल बँड भारतात आला तर बंगळूर, मुंबई, दिल्लीचा परिसर, फार तर शिलाँग. आयर्न मेडन २००७ मध्ये बंगळूरला, २००८ मध्ये मुंबईला आणि २००९ मध्ये पुन्हा बंगळूरला आला. भिलाईच्या चाहत्याला मुंबई गाठायची तर हावडा-मुंबई मार्गावर सुमारे अकराशे किलोमीटरचा प्रवास. रजा, रिझर्व्हेशन, तिकीट, राहण्याची सोय, आणि एवढं करून कार्यक्रम होईलच याची हमी नाही. २८ ऑक्टोबर २०११ रोजी गुडगावला मेटॅलिकाचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला. दोन दिवसांनी बंगळूरला झाला. दिल्लीकडे निघालेल्या कित्येकांच्या हाती तेव्हा काहीच लागलं नाही.

म्हणून ‘जुनीच वाजवा’ म्हणणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा इथे, भिलाईतच, सापडतो. लंडनचा चाहता बँडला दर दोन-तीन वर्षांनी पाहतो. त्याला नवी गाणी ऐकून कंटाळा आला तर पुढच्या खेपेला जुनी मिळतील. भिलाईच्या चाहत्याला आयुष्यात एकच संध्याकाळ मिळणार. त्या संध्याकाळी ‘हॅलोड बी दाय नेम’ वाजलं नाही तर ते त्याच्यासाठी कायमचं राहिलं. मग त्याने जुन्या गाण्यांचा आग्रह धरला तर बिघडलं कुठे?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर द्यायलाच हवं. पण आधी हे पाहू, की ज्याला आपण ‘क्लासिक’ म्हणतो ते गाणं त्या पदाला पोहोचतं कसं.

‘फिअर ऑफ द डार्क’ घ्या. हे गाणं १९९२ चं. ‘जुनीच वाजवा’वाल्यांच्या सुवर्णकाळात ते बसत नाही. ज्या अल्बममध्ये ते आलं त्याला चाहत्यांनी डोक्यावर घेतलं नव्हतं, आणि पुढच्याच वर्षी गायक ब्रूस डिकिन्सन बँड सोडून गेला. तरीही आज मेडनचा कार्यक्रम या गाण्याशिवाय कल्पनेत येत नाही. हे घडलं मंचावर. गाण्याच्या सुरुवातीची गिटारची धून प्रेक्षकांनी शब्दांविना गायला सुरुवात केली. जानेवारी २००१ मध्ये ‘रॉक इन रिओ’ला लाखोंच्या गर्दीने ती कशी उचलून धरली ते पुढच्या वर्षी निघालेल्या लाइव्ह अल्बमवर ऐकू येतं. स्टुडिओतल्या मूळ मुद्रणात तो समूहस्वर नाही. या गाण्याचं अर्धं मोठेपण श्रोत्यांनी जोडलेलं आहे, आणि बँडने १९९२ साली नवं गाणं मंचावर नेण्याचं धाडस केलं नसतं तर श्रोत्यांना ते जोडायची संधीच मिळाली नसती.

‘साइन ऑफ द क्रॉस’ आणि ‘द क्लॅन्समन’ यांची गोष्ट याहून बोलकी आहे. पहिलं १९९५ चं, दुसरं १९९८ चं. दोन्ही गायक ब्लेझ बेलीच्या काळातली, म्हणजे चाहत्यांनी सर्वांत कमी प्रेम दिलेल्या दोन अल्बममधली. १९९९ साली डिकिन्सन परतला. जुन्या काळाची गाणी तेवढी वाजवून तो टाळ्या घेऊ शकला असता. त्याऐवजी त्याने दुसऱ्या गायकाची ही गाणी मंचावर घेतली आणि आपल्या आवाजात उभी केली. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘लेगसी ऑफ द बीस्ट’ दौऱ्यात, म्हणजे बँडच्या वारशाच्या नावानेच काढलेल्या दौऱ्यात, ही दोन्ही गाणी होती. यादी १९८८ पाशी बंद केली असती तर हा वारसा तेवढ्याने उणा राहिला असता.

आता २००६ च्या त्या प्रसिद्ध भांडणाकडे येऊ. ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ हा अल्बम त्या वर्षी ऑगस्टमध्ये निघाला. ऑक्टोबरपासून अमेरिका, जपान आणि युरोपातल्या दौऱ्यात मेडनने अख्खा अल्बम, दहाच्या दहा गाणी, ओळीने वाजवला आणि शेवटी पाच जुनी गाणी घेतली. चाहते दुभंगले. एकीकडून ‘क्लासिक वाजवा’च्या आरोळ्या, दुसरीकडे बँडच्या हिमतीचं कौतुक. ‘जुनीच वाजवा’वाले हा दौरा आजही पुरावा म्हणून पुढे करतात: पाहा, पैसे देणाऱ्याला काय हवं ते बँडला कळलंच नाही.

पण पुढच्या दोन वर्षांत काय झालं ते ते सांगत नाहीत. २००७ मध्ये बँडने नवी गाणी कमी करून जुनी वाढवली आणि त्याच फेरीत १७ मार्चला बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर भारतातला पहिला कार्यक्रम केला. १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर, ‘समव्हेअर बॅक इन टाइम’ या जगभरच्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम झाला. डिकिन्सन स्वतः बोइंग ७५७ चालवत बँडला आणि सामानाला घेऊन आला होता. ‘फ्लाइट ६६६’ या २००९ च्या चित्रपटात तो प्रवास आहे आणि त्याच्या लाइव्ह अल्बमवरचं ‘एसेस हाय’ मुंबईचं आहे. या दौऱ्याची जवळपास सगळी गाणी ऐंशीच्या दशकातली होती; ‘फिअर ऑफ द डार्क’ तेवढा अपवाद. म्हणजे ज्यांना जुनं हवं होतं त्यांना दोन वर्षांच्या आत ते भरभरून मिळालं, आणि तेही आधी आपल्याच देशात.

यावरून निष्कर्ष निघतो तो असा. मेडनने दौऱ्यांची दोन प्रकारांत वाटणी केली: एक नव्या अल्बमचा, एक जुन्या काळाचा. दोन्ही एकमेकांना पोसतात. २००६ चा हट्टी दौरा करणारा बँडच २००८ मध्ये जुनी गाणी जिवंतपणे वाजवू शकला, कारण मधल्या काळात तो नवं रचत होता, नवं बसवत होता, बोटांना आणि मेंदूला काम देत होता. वीस वर्षं तीच पंधरा गाणी वाजवणारे बँड जगात पुष्कळ आहेत. त्यांचे कार्यक्रम पाहिलेल्याला ठाऊक असतं की चौथ्या गाण्यापर्यंत वादकांचे डोळे कुठे लागलेले असतात.

‘जुनीच’ म्हणणाऱ्यांच्या यादीतली आणखी एक खोट इथे दिसते. त्यांना जुनं म्हणजे नेमकं कोणतं हवं असतं? ‘रन टू द हिल्स’, ‘द नंबर ऑफ द बीस्ट’, ‘द ट्रूपर’ आणि आणखी पाच-सहा. १९८६ च्या ‘समव्हेअर इन टाइम’मधलं ‘अलेक्झांडर द ग्रेट’ हे गाणं भर सुवर्णकाळातलं, पण बँडने ते सदतीस वर्षं मंचावर वाजवलंच नाही. ते पहिल्यांदा वाजलं २०२३ च्या ‘फ्यूचर पास्ट’ दौऱ्यात. त्याच दौऱ्यात ‘सेन्जुत्सु’ या २०२१ च्या अल्बममधली पाच गाणी होती आणि ‘रन टू द हिल्स’ व ‘नंबर ऑफ द बीस्ट’ दोन्ही वगळली होती. ठरलेल्या गाण्यांना सुट्टी देण्याची तयारी बँडने दाखवली तेव्हा कुठे एका खऱ्या जुन्या गाण्याला जागा झाली. ठरलेल्या यादीचा आग्रह नव्याच्या वाटेत जेवढा येतो तेवढाच जुन्याच्याही वाटेत येतो.

दुसरा दावा आहे तो ‘रेकॉर्डवर आहे तसंच’ वाजवण्याचा. हा दावा करणाऱ्याने आपल्या आवडत्या गाण्यांच्या मुद्रणात कोण कोण आहे ते एकदा पाहावं. ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ १९८० च्या पहिल्या अल्बममध्ये पॉल डिआनोने गायलं. बहुतेक चाहत्यांच्या मनातला आवाज मात्र डिकिन्सनचा. ‘रन टू द हिल्स’च्या १९८२ च्या मुद्रणात ड्रमवर क्लाइव्ह बर आहे; त्यानंतर चार दशकं जगाने ते गाणं निको मॅकब्रेनच्या हातून ऐकलं. त्या मुद्रणात गिटारी दोन होत्या. १९९९ पासून मंचावर तीन आहेत. म्हणजे मुंबईत आणि बंगळूरला जे वाजलं ते ‘रेकॉर्डवर आहे तसं’ नव्हतंच. आवाज वेगळा, ड्रम वेगळे, गिटारींची वाटणी वेगळी, लय बहुधा थोडी चढी. तिथे नाचलेल्या कुणालाही त्यामुळे फसवल्यासारखं वाटलं नाही.

या संगीताच्या पायाभरणीतच लाइव्ह वादन आहे. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १६ ऑक्टोबर १९६९ रोजी, एका दिवसात, स्टुडिओत जवळजवळ मंचावर वाजवावं तसा वाजवून मुद्रित झाला. डीप पर्पलचं ‘स्पेस ट्रकिन’’ १९७२ च्या ‘मशीन हेड’वर साडेचार मिनिटांचं आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओसाका आणि टोकियोला ध्वनिमुद्रित केलेल्या ‘मेड इन जपान’मध्ये तेच गाणं वीस मिनिटांच्या आसपास जातं आणि रेकॉर्डची एक संपूर्ण बाजू व्यापतं. पन्नास वर्षं चाहते ‘मेड इन जपान’ला रॉकच्या महान लाइव्ह अल्बममध्ये गणतात. गणणाऱ्यांपैकी कुणीही साडेचार मिनिटं झाल्यावर बँडने थांबायला हवं होतं असं म्हणत नाही.

मराठी माणसाने तरी हा ‘रेकॉर्डवर आहे तसंच’चा आग्रह धरू नये. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. पहिला प्रयोग होऊन दहा वर्षं उलटलेलं नाटक, लोकांना तोंडपाठ झालेली पदं, आणि तरी त्या रात्रीची आठवण मराठी रंगभूमी शंभर वर्षं सांगत आली. लोक तिथे पदांचे शब्द ऐकायला गेले नव्हते. ते त्यांना येतच होते. दोन गायक आज, समोरासमोर, त्या पदांचं काय करतात हे ऐकायला गेले होते. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटंच मावत. तेच पद थिएटरात ‘वन्स मोअर’ घेत, ताना फिरवत, दर खेपेला नव्या जागा दाखवत लांबत जाई. तबकडी खरी आणि रंगमंचावरचं पद खोटं, असा न्याय आपल्या आजोबा-पणजोबांनी कधी केला नाही. उलट तबकडीला ते आठवणीची खूण मानत आले. मग नातवाने गिटारच्या बाबतीत उलटा न्याय का करावा?

आणि भिलाईच्या माणसाला तर याहून जवळचा पुरावा आहे. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई, पंडवानी या कथागायनाच्या थोर कलावंत, भिलाई स्टील प्लांटमध्ये नोकरीला होत्या. त्या ज्या महाभारताची गोष्ट सांगत आल्या तिच्याहून जुनं ‘क्लासिक’ या देशात शोधून सापडायचं नाही. पंडवानीत दोन शैली मानल्या जातात. वेदमती शैलीत गायक बसून, ग्रंथाला धरून गातो. झाडूराम देवांगन आणि पुढे ऋतू वर्मा यांनी ही शैली मोठी केली. कापालिक शैलीत गायक उभा राहून, अभिनय करत, प्रसंग तिथल्या तिथे रचत जातो. बायकांनी गायचं तर बसून, असा त्या काळचा दंडक होता. तीजनबाई तेराव्या वर्षी उभ्या राहिल्या. समाजाने त्यांना बाहेर काढलं. त्या थांबल्या नाहीत.

त्यांच्या हातातला तंबुरा कधी भीमाची गदा होई, कधी अर्जुनाचं धनुष्य, कधी रथ. बाजूचा साथीदार, म्हणजे रागी, हुंकार भरी, प्रश्न विचारी, गोष्ट पुढे ढकली. दुःशासनवध त्यांनी हजारदा सांगितला असेल; हबीब तन्वीर यांच्यासारख्या जाणत्या रंगकर्मीने त्यांना हेरलं आणि ‘भारत एक खोज’मधून श्याम बेनेगलांनी त्यांना घरोघरी पोहोचवलं ते या जिवंतपणामुळे. २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. परंपरेचं रक्षण ‘जसंच्या तसं’ करण्यात आहे असं मानणारे त्यांना सुरुवातीच्या काळात चूक ठरवत होते. आज छत्तीसगडची पंडवानी जगाला माहीत आहे ती मुख्यतः त्यांनी घेतलेल्या स्वातंत्र्यामुळे. वेदमती शैलीचं मोठेपण त्याने कमी झालं नाही. दोन्ही नांदतात, जशी स्टुडिओतली रेकॉर्ड आणि मंचावरचं गाणं दोन्ही नांदू शकतात. भिलाईत राहून तीजनबाईंचा अभिमान बाळगायचा आणि बँडने मात्र मूळ मुद्रणाची हुबेहूब नक्कल करावी असं म्हणायचं, या दोन गोष्टी एका माणसाच्या तोंडी शोभत नाहीत.

तिसरा दावा सर्वांत कठोर आहे: आवाज गेला, हात मंदावले, आता थांबा. गाणं खालच्या पट्टीत घेतलं की चाहते लगेच बोट दाखवतात. मेटॅलिका गेली अनेक वर्षं मंचावर गिटारी अर्धा स्वर खाली लावून वाजवतो, आणि त्यावर नाक मुरडणारे भेटतातच.

त्यांनी ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी याची हकिकत आठवावी. १९६५ साली, सतराव्या वर्षी, बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा वादक. तारा दाबायचा तो हाच हात. दोन बोटं निकामी झालेल्या जँगो राइनहार्टची रेकॉर्ड फोरमनने त्याला आणून दिली. आयोमीने प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, बारीक तारा लावल्या आणि पुढे त्या दाबायला सोप्या जाव्यात म्हणून गिटार खालच्या स्वरात लावली. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’मध्ये ती दीड स्वर खाली आहे. मेटलचा तो जड, खोल नाद, ज्याच्यावर पुढच्या तीन पिढ्या पोसल्या, त्याच्या मागे शरीराच्या मर्यादेशी केलेली तडजोड आहे. भिलाईत प्लांटमध्ये काम करणाऱ्या कुठल्याही घराला अशा अपघाताचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ज्या संगीताचा जन्म जखमी हातातून झाला, त्याच्या चाहत्यांनी वादकाच्या शरीराने केलेला बदल हा अपराध मानावा, हे अन्यायाचं आहे.

५ जुलै २०२५ रोजी अॅस्टनमधल्याच व्हिला पार्क स्टेडियमवर ब्लॅक सॅबथचे मूळ चौघे शेवटचे एकत्र वाजले. ओझी ऑस्बोर्नला पार्किन्सन्स होता. त्याने सगळी गाणी सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायली. सॅबथची गाणी चारच: ‘वॉर पिग्स’, ‘एन.आय.बी.’, ‘आयर्न मॅन’, ‘पॅरानॉइड’. आवाज १९७० चा नव्हता आणि कुणी तशी अपेक्षा केली नव्हती. सतरा दिवसांनी, २२ जुलैला, तो गेला. ‘थांबा’ हा सल्ला त्याने मानला असता तर ती संध्याकाळ झाली नसती. त्या चारांतल्या ‘पॅरानॉइड’बद्दल आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हे गाणं १९७० साली अल्बममध्ये थोडी जागा भरायची होती म्हणून घाईघाईत रचलं गेलं. कोणतं गाणं टिकणार हे रचणाऱ्यालाही तेव्हा कळलं नव्हतं. ते ठरलं पंचावन्न वर्षांच्या मंचावर.

डिकिन्सनला २०१५ च्या सुरुवातीला जिभेच्या आणि घशाच्या कर्करोगाचं निदान जाहीर करावं लागलं. पुढच्याच वर्षी तो ‘बुक ऑफ सोल्स’ दौऱ्यावर होता. मॅकब्रेनला जानेवारी २०२३ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. तरी तो दोन वर्षं वाजवत राहिला आणि डिसेंबर २०२४ मध्ये साओ पाउलोच्या कार्यक्रमानंतर स्वतःच्या निर्णयाने दौऱ्यांतून बाजूला झाला. ग्लेन टिप्टनने २०१८ मध्ये पार्किन्सन्सचं निदान जाहीर केल्यावर पूर्ण कार्यक्रम सोडला, पण शेवटच्या काही गाण्यांसाठी मंचावर येत राहिला. कधी थांबायचं हे या लोकांना समजतं. तो निर्णय त्यांचा आहे आणि श्रोत्यांनी तो घाईने त्यांच्या हातून हिसकावून घेऊ नये.

मेडनने २०२५ पासून काढलेला ‘रन फॉर युअर लाइव्ज’ हा पन्नाशीचा दौरा १९८० ते १९९२ पुरताच आहे. ‘जुनीच वाजवा’वाले याला आपला विजय मानतात. त्या दौऱ्याची यादी नीट वाचली तर तिथे ‘मर्डर्स इन द रू मॉर्ग’ आहे, ‘किलर्स’ आहे, ‘सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन’ आहे, तेरा मिनिटांहून लांब ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ आहे. ड्रमवर नवा माणूस, सायमन डॉसन. जुन्यातूनही बँडने धूळ बसलेलं निवडलं आणि नव्या हातांनी वाजवलं. या दौऱ्याची किंमत कळायलाही मधल्या ‘सेन्जुत्सु’च्या दौऱ्यातून जावं लागलं.

आता भिलाईच्या त्या चाहत्याच्या प्रश्नाकडे. एकच संध्याकाळ मिळणाऱ्याने काय मागावं? त्याचं ‘हॅलोड बी दाय नेम’ त्याला मिळायला हवं. यात शंका नाही, आणि मेडनने भारतात ते दिलंही. २००६ मध्ये नवा अल्बम अख्खा वाजवतानासुद्धा शेवटच्या पाचांत हे गाणं होतंच. दूरच्या श्रोत्याची ही जाण बँडला आहे. पण संध्याकाळ एकच असेल तर ती संपूर्ण असावी. अकराशे किलोमीटर जाऊन घरच्या कॅसेटची उजळणी करून परत यायचं, की त्या पाच-सहा माणसांना आज जे सुचतंय, जे अजून मळलेलं नाही, त्याचाही वाटा घेऊन यायचं? घरी असलेलं ऐकायला घर पुरतं. प्रवासाचा खर्च वसूल होतो तो घरी नसलेलं ऐकल्यावर. दूरच्या चाहत्यालाच नव्या गाण्याची गरज जास्त आहे, कारण ते त्याला पुन्हा मंचावर कधी भेटेल सांगता येत नाही.

या वादाचा खरा फटका मात्र मेडनला बसत नाही. त्यांची तिकिटं कशीही विकली जातात. तो बसतो आपल्याकडच्या मुलांना. भारतातल्या रॉकची पहिली दोन दशकं बहुतांशी परदेशी गाण्यांच्या नकलेत गेली, कारण ऐकणाऱ्याला ओळखीचंच हवं असे. १९८६ साली मुंबईच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू झाला, १९८८ मध्ये ‘रॉक मशीन’ या बँडने स्वतःच्या गाण्यांचा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा अल्बम काढला, तेव्हा कुठे ‘आपलं वाजवा’ असं म्हणायला बळ आलं. त्यातून पुढे मुंबईचे ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ आणि ‘भयानक मौत’ उभे राहिले. ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ने २०१७ मध्ये विष्णूच्या अवतारांवर ‘दशावतार’ हा अल्बम केला. बंगळूरचा ‘क्रिप्टॉस’ २०१३ साली जर्मनीच्या वाकेन महोत्सवात वाजला, दिल्लीचा ‘ब्लडीवुड’ २०१९ साली ढोल घेऊन त्याच महोत्सवात गेला. यांपैकी एकाही बँडला तिथे ‘द ट्रूपर’ची नक्कल करण्यासाठी बोलावलं नव्हतं.

मध्य भारतातल्या कॉलेजांच्या फेस्टमध्ये मात्र अजून तीच सवय दिसते. चार मुलं महिनोन्महिने खपून स्वतःचं गाणं बसवतात, मंचावर ते सुरू होतं, आणि समोरून आरोळी येते: ‘फिअर ऑफ द डार्क’! मुलं मान खाली घालून ते वाजवतात. ज्या गाण्याला १९९२ साली कुणीतरी कान दिला म्हणून ते मोठं झालं, त्याच गाण्याचा वापर दुसऱ्या कुणाचं नवं गाणं बंद पाडायला होतो. भिलाई-दुर्ग, रायपूर आणि नागपूरच्या आयोजकांनी यावर एक साधा नियम करावा: मंचावर येणाऱ्या प्रत्येक बँडच्या यादीत निम्मी गाणी स्वतःची हवीत, आणि ती कार्यक्रमाच्या सुरुवातीला, लोक ताजेतवाने असताना, वाजायला हवीत. छत्तीसगडी, हिंदी, मराठी, इंग्रजी, भाषा कुठलीही चालेल. कव्हर गाणी शेवटी. आणि समोर उभ्या असलेल्या जुन्या चाहत्यांनी ती निम्मी गाणी आरोळी न ठोकता ऐकावीत, आवडली नाहीत तर तसं कार्यक्रमानंतर त्या मुलांना भेटून, कारणांसह सांगावं.